आत्याच्या गाडीचं छत

आत्या निवृत्त झाली आणि थोड्याच दिवसांत तिने घरामागच्या फरसबंदीवर एक जुनी कॅरॅव्हॅन आणून उभी केली. माझ्या आईने त्या गाडीभोवती एक सावकाश फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "चाकं दिसतायत. इंजिन कुठाय?"

"इंजिन मोटारीला. ही नुसती मागून ओढायची."

"म्हणजे जन्मभर माणसं वाहिलीस आणि आता घर वाहणार."

"माणसांपेक्षा घर बरं. मागून ओरडत तरी नाही," आत्या म्हणाली.

माझी आत्या अँब्युलन्स चालवायची. तिच्याबरोबरचे लोक तिला 'बर्फ' म्हणत. मागे रुग्ण तळमळत असो, नातेवाईक छाती बडवत असोत, हिच्या हातातलं स्टीअरिंग कधी थरथरलं नाही. एखादा माणूस फारच सैरभैर झाला तर ती त्याला पुढच्या सीटवर बोलवायची आणि म्हणायची, "मला लांबचं नीट दिसत नाही. पुढच्या सिग्नलचा रंग सांगत राहा." तिची नजर घारीसारखी होती. पण त्या माणसाला काम मिळायचं आणि तो ओरडायचा थांबायचा.

लग्न केलं नाही. त्याबद्दल नातेवाइकांनी विचारायचं तेवढं विचारून घेतलं आणि मग कंटाळून सोडून दिलं. तिचं एकच वेड होतं. आपण गाडी चालवायची, कुठे पोचायचंय हे आपण ठरवायचं आणि वाटेत कुणी मरता कामा नये. म्हणून ही कॅरॅव्हॅन.

गाडीची सगळी गंमत तिच्या छतात होती. रस्त्याने धावताना छत खाली बसलेलं असायचं. मुक्कामाला पोचलं की आतल्या चार कड्या सोडायच्या, दोन्ही हातांनी छत वर रेटायचं. मग पुढच्या आणि मागच्या भिंतीवर स्प्रिंगचे जे लोखंडी हात बसवलेले होते ते छताला उचलून धरायचे. भिंत आणि छत यांच्यामधे हातभर मोकळी जागा तयार व्हायची, तिच्या चहूबाजूंनी जाड कापडाची झालर ताणली जायची आणि आत ताठ उभं राहता यायचं. छत मिटलं की त्याच्या कडेचं रबर भिंतीच्या माथ्यावर दाबून बसायचं. त्या रबराच्या जिवावर पाणी आणि धूळ बाहेर.

ते रबर मेलेलं होतं. पहिल्याच छोट्या प्रवासातून आत्या परतली ती ओली गादी आणि कपांच्या तळाशी धुळीचा थर घेऊन. उन्हाने पट्टी वाळून टणक झाली होती. नखाने दाबलं तर तुकडा हातात यायचा. दोन ठिकाणी तर आधीच्या मालकाने रबराच्या जागी नुसती चिकटपट्टी फासून ठेवली होती.

आता रबर म्हटलं की आमच्या घरात एकाच माणसाचं नाव निघतं, ते म्हणजे माझे बाबा. बसच्या बॉडी बांधायच्या कारखान्यात ते फोरमन होते. खिडक्यांचं, दारांचं, समोरच्या काचेचं रबर बसवण्यात उभी नोकरी गेली. रबराचा तुकडा नाकाशी धरून ते सांगायचे, हे किती उन्हाळे काढेल. पण बाबा आणि आत्या एकमेकांशी बोलत नव्हते. भिंतीला भिंत लागून घरं, तरी कितीतरी वर्षं दोघांनी तोंडात मिठाची गुळणी धरलेली.

कारण सगळ्यांना माहीत होतं, फक्त कुणी तो विषय काढत नसे. आजीला छातीत दुखायला लागलं त्या दुपारी बाबांनी अँब्युलन्स बोलावली. वायरलेसवर जो पत्ता सांगितला गेला तो आत्याने आपल्या गाडीत बसून ऐकला. आपल्याच घराचा पत्ता. तिच्या मागे तेव्हा दुसरा रुग्ण होता. ती वळली नाही. दुसरी गाडी लांबून यायला निघाली, तिची वाट बघण्यात वेळ गेला, शेवटी बाबांनी शेजाऱ्याच्या मोटारीतून आजीला नेलं. दवाखान्याच्या फाटकातच ती गेली. आजीचे दिवस झाल्यावर बाबा आत्याला एकच वाक्य बोलले. "परक्यांसाठी तुझ्याकडे गाडी होती." त्यानंतर एक शब्द नाही.

तर आत्या माझ्याकडे आली. मी तेव्हा पस्तिशी ओलांडलेली, शाळेत शिकवणारी बाई, पण या दोघांमधला टेलिफोन होण्याचं काम माझ्याकडे लहानपणापासून होतं.

"तुझ्या बापाला विचार, रबर कुठलं घेऊ."

मी आत जाऊन विचारलं. बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. "तिला सांग, पोकळ नळीचं घे. भरीव घेशील तर छत बसायचं नाही." मी हे बाहेर येऊन सांगितलं. मग पट्टी किती लांब, कुठला गोंद, जुना गोंद कशाने काढायचा, असं करत मी दिवाणखाना आणि मागचं दार यांच्यात येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी बाबा उठले, चप्पल घातली आणि म्हणाले, "तिला सांग, कोपरे तिला जमायचे नाहीत. मी येतोय. गाडीसाठी येतोय."

आईने हात पुसत माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. आम्ही दोघी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर ते परत बसले असते.

काम रविवारी सकाळी सुरू झालं. हवा कोरडी होती, पण वारा होता. छत वर करून आत्याने चारही कोपऱ्यांत, भिंतीचा माथा आणि छत यांच्यामधे, लाकडाचे आखूड टेकू उभे केले. "स्प्रिंगवर माझा विश्वास नाही," ती मला म्हणाली. "जुन्या आहेत. टेकू काढायचे नाहीत." बाबांनी ते ऐकलं आणि नाकातून एक आवाज काढला. कोपऱ्याकोपऱ्यात झालर सोडून गुंडाळून वर बांधली. आत्या आतून काम करणार, बाबा बाहेरून शिडीवर उभं राहून. मी खाली, लागेल ते हातात द्यायला.

पहिला तासभर नुसतं खरवडणं. जुनी पट्टी तुकड्यातुकड्यांनी निघत होती, मागे गोंदाचा काळा थर राहत होता. तो स्पिरिटने भिजवायचा, बोथट पात्याने उचलायचा, पुसायचा, परत भिजवायचा. दोघं एकाच फटीच्या दोन बाजूंना, तोंडं एकमेकांपासून वीतभर अंतरावर, आणि बोलणं माझ्यामार्फत.

"त्याला सांग, पत्र्यावर ओरखडे पाडू नकोस."

"तिला सांग, ओरखडा माझ्या पात्याचा नाही, तिच्या आधीच्या शहाण्या मालकाचा आहे."

"त्याला सांग, चहा हवा असेल तर थर्मास मागच्या ओट्यावर आहे."

"तिला सांग, नको." थोड्या वेळाने, "दे अर्धा कप."

मला हसू येत होतं आणि धास्तीही वाटत होती. कधी कोण काय बोलेल आणि काम कधी मोडेल याचा नेम नव्हता. पुढच्या डाव्या कोपऱ्याशी बाबा आले तेव्हा मला वाटलं, आता मोडणार. तिथला गोंद दगडासारखा होता आणि टेकू नेमका पात्याच्या वाटेत.

"तिला सांग, हा टेकू मधे येतोय."

आत्या मागच्या टोकाला होती. तिने मान वळवली नाही. "त्याला सांग, टेकू हलणार नाही. दुसरीकडून पोच."

"दुसरीकडून हात पोचत नाही."

"मग तो कोपरा मी आतून करते."

"तिला सांग, कोपरे तिला जमत नाहीत म्हणूनच मी आलोय." आणि बाबांनी टेकू काढून शिडीच्या वरच्या पायरीवर ठेवला. छत हललं नाही. त्यांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं, उजवा हात फटीत कोपरापर्यंत घातला आणि खरवडायला लागले.

त्या कोपऱ्यात आत काय झालं होतं हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. फाटक्या रबरातून वर्षानुवर्षं पाणी झिरपून भिंतीतलं लाकूड कुजलं होतं. स्प्रिंगचा लोखंडी हात त्याच लाकडाला स्क्रूने बसवलेला होता. वरून गुळगुळीत पत्रा, आत भुसा. बाबांनी खरवडण्यासाठी भिंतीवर जोर दिला, त्याच वेळी सोडलेल्या झालरीखाली वारा शिरला आणि छत फुगल्यासारखं वर उचललं गेलं. मग एक आवाज झाला, फार मोठा नाही, ओला कपडा फाटावा तसा. स्क्रू लाकडासकट बाहेर आले. छताचा तो कोपरा खाली बसला.

बाबा ओरडले नाहीत. त्यांच्या तोंडून फक्त हवा बाहेर पडली. हात ओढून घ्यायला त्यांना क्षणभर मिळाला होता, हात बराचसा बाहेरही आला, पण बोटं अडकली. भिंतीच्या पत्र्याची कड खाली, छताची कड वर, मधे चार बोटं. शिडी त्यांच्या पायाखाली तिरपी झाली, ती मी धरून ठेवली.

"आत्या! छत उचल!" मी किंचाळले.

"थांब," आतून आवाज आला. "आधी बघू दे."

मला त्या क्षणी तिचा राग आला. असा राग मला तिचा कधीच आला नव्हता. माझा बाप हाताने लोंबकळतोय आणि ही बघतेय.

"पोरी, शिडी सोड. त्याच्या मांड्या धर, खांद्यावर घे त्याचं वजन. घेतलंस?"

"घेतलं."

"आता त्याच्या चेहऱ्याचा रंग मला सांगत राहा."

मी मान वर केली. "पांढरा. ओठ पण पांढरे."

"घाम?"

"हो."

"सांगत राहा."

गुंडाळलेल्या झालरीच्या फटीतून मला तिची कपाळाची बाजू तेवढी दिसत होती. बोटांची टोकं आतल्या बाजूला होती, तिच्यासमोर. तिने त्यांना हात लावला असावा.

"छोट्या," ती म्हणाली. साठीला टेकलेल्या माझ्या बापाला या नावाने हाक मारणारी जगात आता तीच एकटी उरली होती, आणि इतकी वर्षं तिनेही मारली नव्हती. "मी कुठलं बोट दाबतेय?"

"करंगळी."

"आता?"

"त्याच्या शेजारचं."

"आता?"

बाबांनी फटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "दाबतेयस का?"

"बरं," आत्या म्हणाली, त्याच आवाजात. "आता नीट ऐका दोघं. मी खांद्याने हा कोपरा उचलू शकते. पण उजवीकडचा टेकू तिरका झालाय, नुसत्या टोकावर उभा आहे. मी इकडून रेटलं तर तो निसटेल आणि पुढचं सगळं छत याच्या हातावर बसेल. वर छतावर एसी बसवलाय, त्याचंही वजन आहे. तर आधी टेकू सरळ करणार, मग जॅक लावणार. जॅक मोटारीत आहे, स्टेपनीखाली. मोटार फाटकाबाहेर."

"मी आणते," मी म्हणाले.

"तू हललीस तर हा लटकेल."

मग तिने हातोडी उचलली. टेकूच्या बुडाशी एक हलकी ठोक. छत शहारलं. बाबांचं सगळं अंग माझ्या खांद्यावर ताठ झालं. दुसरी ठोक. त्यांनी डावी मूठ छताच्या पत्र्यावर आपटली, एकदाच. प्रत्येक ठोकीला टेकू एवढासा सरकत होता आणि प्रत्येक ठोक त्यांच्या बोटांतून जात होती. मी डोळे मिटून घेतले होते, पण रंग सांगायचा होता म्हणून परत उघडले.

"राखाडी होतायत," मी म्हणाले.

"बसला टेकू. मी जॅक आणायला जाते. छोट्या, डोळे मिटायचे नाहीत. पोरी, त्याला बोलतं ठेव. काहीही विचार."

कॅरॅव्हॅनचं दार वाजलं, फरशीवर तिची पावलं धावली आणि घराच्या कडेने दिसेनाशी झाली. वारा परत आला. छत कुरकुरलं.

बाबांनी मान खाली करून माझ्याकडे पाहायचा प्रयत्न केला. "गेली का ती?"

"जॅक आणायला गेली, बाबा."

"येईल ना?"

एवढं लहान तोंड करून माझा बाप कधी बोललेला मी ऐकलं नव्हतं. "येणार. आता येईल. बाबा, मला सांगा, बसच्या समोरच्या काचेचं रबर कसं बसवतात?"

"आत्ता?"

"आत्ता. नीट सांगा, मला येत नाही."

"दोरी," ते म्हणाले. "रबराच्या खाचेत... दोरी घालायची. साबणाचं पाणी. काच बाहेरून... एकजण दाबून धरतो. दुसरा आतून दोरी ओढतो. हळू." श्वास लागत होता. "दोरी ओढत गेलं की रबराचा ओठ... पत्र्यावरून आत येतो."

"मग?"

"दोघांचा ताल जमावा लागतो. नाहीतर काच..." त्यांची मान झुकली.

"बाबा. काच काय होते? बाबा!"

"फुटते," ते पुटपुटले.

पावलं आली. दार वाजलं. आत्याचा श्वास लागला होता, पण हात कामाला लागले होते हे आवाजावरून कळत होतं. जॅक त्या कोपऱ्याखालच्या कपाटावर ठेवला. तो एकटा छतापर्यंत पोचणार नव्हता. तिने जेवणाच्या टेबलाचा सुटा लोखंडी पाय उपसला आणि जॅकवर उभा केला, वर भाजी चिरायची फळी आडवी लावली, पाय छतातून आरपार जाऊ नये म्हणून. आणि दांडा फिरवायला लागली.

"छोट्या, मी सांगेन तेव्हाच हात काढायचा. आधी ओढशील तर कातडं मागे राहील. कळलं?"

"ताई," बाबा म्हणाले. "त्या दिवशी तू..."

"आत्ता नाही. हाताकडे लक्ष दे."

दांडा फिरत होता. लोखंड फळीवर करकरलं. छत जागचं हलेना. मग उजव्या टेकूने एक कट असा आवाज केला आणि आत्या थांबली. आम्ही तिघंही थांबलो. काही पडलं नाही. ती परत फिरवायला लागली, आणखी हळू. आधी उजेडाची एक रेघ दिसली, दोऱ्याएवढी. मग सुतळीएवढी.

"आता," ती म्हणाली.

हात बाहेर आला आणि बाबा माझ्या अंगावर कोसळले. आम्ही दोघंही फरशीवर. शिडी एकीकडे, स्पिरिटचा डबा लवंडलेला. मी हाताकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. आत्या धावत आली, धुतलेला टॉवेल हाताभोवती गुंडाळला, हात त्यांच्याच डोक्याच्या वर धरायला लावला आणि एका बाजूने त्यांना उठवलं. आई दारात येऊन उभी होती, तोंडावर पदर. आत्या तिला फक्त "कागदपत्रं आण मागून" एवढंच म्हणाली आणि आम्ही निघालो.

ती भरधाव गेली असेल असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. ती आधीच वाट मोकळी होईल अशा जागी असायची. पुढचा ट्रक डावीकडे वळणार हे तिला ट्रकवाल्याच्या आधी कळत होतं. मी मागच्या सीटवर बाबांचा हात वर धरून बसले होते आणि टॉवेल लाल होत जाताना बघत होते. आरशात तिचे डोळे दर थोड्या वेळाने आमच्याकडे यायचे आणि परत रस्त्यावर.

दवाखान्यात हाडांचे डॉक्टर तरुण होते, नीट बोलणारे. त्यांनी फोटो काढले, दिव्यापुढे धरले. दोन बोटांची हाडं मोडली होती, ती सांधता येतील. अनामिकेला फक्त चिमटा बसला होता. मधल्या बोटाच्या टोकाचं त्यांना काही सांगता येत नव्हतं. "आत गेल्यावर बघू. वाचवता आलं तर वाचवीन. किती वेळ अडकलं होतं?" आत्याने सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. "आणखी उशीर झाला असता तर तिन्ही गेली असती."

शस्त्रक्रियेची खोली मोकळी व्हायला वेळ होता. बाबांना वेदनाशामक दिलं होतं, ते खाटेवर उशाला टेकून होते, हात उंच बांधलेला. आत्या खिडकीशी उभी होती. तिच्या बाहीला काळा गोंद लागला होता. मी मधे खुर्चीवर. मग बाबांनी माझ्याकडे न बघता, थेट तिला विचारलं.

"पत्ता ऐकलास तेव्हा काय केलंस?"

आत्या वळली नाही. "गाडी चालवली."

"नुसती चालवली?"

"मागे एक बाई होती. बाळंतपणाची. रक्त थांबत नव्हतं. मी वळले असते तर ती रस्त्यातच गेली असती. आई वाचली असती की नाही, ते मला माहीत नव्हतं. ती बाई मरेल हे माहीत होतं." तिने खिडकीच्या काचेवर बोट टेकवलं. "वायरलेसवर मी तीनदा विचारलं, दुसरी गाडी कुठे आहे. त्यांनी मला गप्प बसायला सांगितलं."

बाबा तिच्या पाठीकडे बघत राहिले. "ती बाई वाचली का?"

"नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आम्ही सगळे धरून चाललो होतो की तिच्या गाडीतला तो परका माणूस जगला असणार, आणि आजीच्या बदल्यात जगला असणार. बाबांच्या सगळ्या रागाचा पाया तोच होता.

"कधी सांगितलं नाहीस," बाबा म्हणाले.

"तू विचारलंस कधी? आणि सांगून काय झालं असतं? दोघी गेल्या म्हणून तुला बरं वाटलं असतं?"

बाबांची हनुवटी हलत होती. आत्या खाटेपाशी आली, वर बांधलेल्या हाताची उशी जरा सरळ केली, करंगळीचं टोक चिमटीत धरून ते गरम आहे का बघितलं. तेवढ्यात त्यांना न्यायला लोक आले.

मधल्या बोटाचं टोक वाचलं नाही. वरचं पेर काढावं लागलं. बाकीच्या दोन बोटांत तारा घातल्या, प्लास्टर चढलं आणि बाबा घरी आले ते तणतणत, कारण त्यांना डाव्या हाताने जेवता येत नव्हतं आणि आईने भरवलेलं चालत नव्हतं.

ती गाडी विकून टाक, असं आईचं म्हणणं होतं. "हाडं खाणारी अवदसा," ती म्हणायची. आत्यालाही ते पटायला लागलं होतं. ताडपत्री टाकून गाडी मागे पडून होती. बाबा मात्र रोज खिडकीतून तिच्याकडे बघायचे. एका सकाळी त्यांनी खुर्ची उचलून आणायला मला सांगितलं, गाडीशेजारी बसले आणि आत्याच्या दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "ताई, लाकूड आधी बदलावं लागेल. रबराचं नंतर बघू."

मग सगळं नव्याने झालं. छत खाली कलतं ठेवून कोपऱ्यातला पत्रा उलगडला. कुजकं लाकूड चमच्याने निघालं. आत्याने नवं लाकूड बसवलं, स्प्रिंगचा हात आरपार बोल्टने आवळला आणि चारही कोपऱ्यांत टेकू लावले, शिवाय मधेही दोन. बाबा खुर्चीतून हुकूम सोडत होते. "सांधा कोपऱ्यावर नको, मागच्या बाजूला मधोमध घे. ओढू नकोस गं, ताणून लावलंस तर रबर नंतर आखडतं आणि फट पडते. ढकलत ने. हां, तसं." आत्या निमूटपणे ढकलत नेत होती. एकदाच म्हणाली, "तुझे कामगार पळून कसे नाही गेले?"

"गेले की. दोघंतिघं," बाबा म्हणाले.

पुढचा डावा कोपरा मात्र त्यांनी सोडला नाही. प्लास्टरचा हात छातीशी धरून, डाव्या हाताने, शिडीच्या पहिल्या पायरीवर उभं राहून त्यांनी तेवढी पट्टी स्वतः बसवली. त्यांच्या कपाळावर घाम होता. आत्या आतून टेकूवर हात ठेवून उभी होती आणि मी बाहेर, त्यांच्या मागे. कुणी श्वास सोडत नव्हतं. पट्टी बसली, हात बाहेर आला, तेव्हा कुठे आत्या खाली बसली.

गोंद सुकल्यावर पाण्याची परीक्षा. छत मिटलं, आत्या टॉर्च घेऊन आत बसली, मी नळी धरली आणि चारही बाजूंनी पाणी सोडलं.

"कोरडं आहे," ती म्हणाली. मग, "थांब. पुढचा डावा. एक थेंब."

"अशक्य," बाबा म्हणाले.

"येऊन बघ."

ते आत गेले. बराच वेळ दोघं आत बसून त्या एका थेंबावर वाद घालत राहिली, तो रबरातून आला की खिडकीतून. मी बाहेर नळी धरून उभी. अखेर बाबांनी खिडकीवर बोट ठेवलं आणि आत्याने रबर उचकटून दाखवलं, आत पट्टीला मुरड पडली होती. तो कोपरा परत झाला. या वेळी आत्याने केला. बाबांनी हात मागे बांधून बघितलं आणि ते जमलंय असं मान्य केलं नाही, पण बदलही सांगितला नाही.

प्लास्टर निघाल्यावर आत्या लांबच्या प्रवासाला निघाली तेव्हा बाबा तिच्याबरोबर गेले. आईला म्हणाले, रबर वाऱ्यात कसं वागतं ते बघायला हवं. आईने त्यांच्या पिशवीत बोटांच्या व्यायामाचा मऊ चेंडू टाकला आणि आत्याला बजावलं, दिवसातून दोनदा दाबायला लाव. पहिल्या मुक्कामावरून आत्याचा फोन आला. पाऊस झाला होता, आत सगळं कोरडं. पण छोट्या एवढा घोरतो की आपण मोटारीत जाऊन झोपलो, असं तिने सांगितलं. मागून बाबांचा आवाज आला, ती खोटं बोलतेय म्हणून.

ते दोघं आजीबद्दल पुन्हा बोलले की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाबांची मूठ अजून पूर्ण मिटत नाही. पेला ते दोन्ही हातांनी धरतात.